१९७१ च्या लढाईत गेलेल्या काकांच्या नावाने गावात वाचनालय-क्लब : जागा गावाला कशी द्यावी, कसं बांधावं?

कोलारकाठ

नमस्कार मंडळी. सावनेर तालुक्यातल्या आमच्या गावात, गावठाणातच, आमचं वडिलोपार्जित घर आहे. मातीच्या भिंती, वर कवेलू, आता राहण्याजोगं नाही. जागा ४० बाय ६० फूट. आमचे काका १९७१ च्या लढाईत कामी आले, मागे बायको-मुलं नव्हती. पुतळा किंवा नुसता चबुतरा बांधायचा नाही, गावाला रोज वापरता येईल अशी जागा त्यांच्या नावाने करायची, असं घरच्या सगळ्यांनी ठरवलं आहे. सकाळी वर्तमानपत्रं, दुपारी पोरा-पोरींना अभ्यासिका, संध्याकाळी कॅरम आणि गप्पा, आठवड्यातून एकदा भजनी मंडळ. भरतीची तयारी करणाऱ्या मुलांसाठीही काही करता आलं तर हवं आहे.

आत्ताची स्थिती अशी. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर (घरपट्टी आकारणीची नोंदवही) अजून आजोबांचं नाव आहे. वारस चौघं : वडील, धाकटे काका आणि दोन आत्या (एक छिंदवाड्याला असतात). सगळ्यांनी मिळून १४ लाख रुपये बाजूला ठेवले आहेत. जमीन काळी, भारी. बाजूच्या घरांच्या भिंतींना तिरप्या भेगा दिसतात.

विचारायचं ते हे : ट्रस्ट करावा, संस्था करावी की जागा ग्रामपंचायतीला देऊन टाकावी? १४ लाखांत काय बांधता येईल? कोनशिलेवर नेमकं काय लिहावं? आणि पाच-सात वर्षांनी कुलूप लागू नये म्हणून आत्ताच काय करून ठेवावं?

---

न्यासलेखक

ताई, चौथ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर पहिल्या प्रश्नात आहे, म्हणून कागदांपासून सुरू करतो.

ग्रामपंचायतीला जागा दिली तर सरकारी निधी लावणं सोपं जातं. आमदार निधीतून सभामंडप वगैरे करायचा असेल तर बहुतेक वेळा जागा ग्रामपंचायतीच्या नावावर असावी लागते. पण मग वापर ठरवणार ती ग्रामपंचायत. पाच वर्षांनी बॉडी बदलली की अभ्यासिकेत रेशनची पोती येऊ शकतात आणि तुम्हाला बोलता येत नाही. नुसता घरच्यांचा ट्रस्ट केला तर उलटी अडचण होते. गाव त्या जागेला ‘त्यांची’ म्हणतं, वर्गणी देत नाही, आणि घरचे नागपूर-पुण्याला गेले की किल्ली कोणाकडे हा प्रश्न उरतो. माझं मत स्पष्ट आहे : सार्वजनिक न्यास (म्हणजे ट्रस्ट) करा, त्यात घरच्यांना अल्पमतात ठेवा आणि गावातल्या संस्थांना हक्काच्या जागा द्या.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ९ मध्ये धर्मादाय उद्देशांची यादी आहे. करमणुकीच्या आणि फावल्या वेळेच्या सोयी त्यात बसतात, मात्र त्या समाजहितासाठी आणि लोकांच्या उपयोगासाठी असल्या पाहिजेत. म्हणजे फक्त सभासदांसाठीचा क्लब चालणार नाही. उद्देशात ‘जात, धर्म, लिंग, पक्ष न पाहता गावातील सर्वांसाठी खुले’ हे शब्द घाला आणि सभासद-शुल्क ठेवलंच तर त्यावाचून वाचनकक्षात प्रवेश नाकारला जाणार नाही, असंही लिहा.

१८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान ७ जण लागतात, दरवर्षी सर्वसाधारण सभा आणि ठराविक मुदतीने निवडणूक येते. सभासद वाढवून कब्जा करण्याचे वाद याच रचनेत होतात. तुमच्यासारख्या, एका घराने जागा आणि पैसा दिलेल्या कामाला न्यासपत्र जास्त बरं. विश्वस्त ९ ठेवा : घरचे २, आणि ग्रामपंचायत, शाळेचे मुख्याध्यापक, महिला बचत गट, भजनी मंडळ, युवक मंडळ, तालुक्यातले माजी सैनिक यांच्याकडून प्रत्येकी १. नववा बाकी आठांनी निवडायचा. मुदत ५ वर्षं, सलग दोनच वेळा. घरच्या दोन जागा पुढच्या पिढीत कोणी घेतल्या नाहीत तर त्या आपोआप गावाकडे जातील, हे कलम विसरू नका. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडच्या खेड्यांत मृत सैनिकांच्या स्मरणार्थ असे अनेक हॉल आणि क्लब उभे राहिले, कित्येक ठिकाणी जागा एखाद्या घराने दिली. तिथेही जागेची मालकी विश्वस्तांकडे आणि रोजचा कारभार गावातल्या मंडळांचे प्रतिनिधी असलेल्या समितीकडे, अशी रचना रुळली. दोन्ही कामं वेगळी ठेवल्याने जागा वाचते आणि कारभार अडत नाही.

आता क्रम. यात पुढे-मागे झालं की महिनोन् महिने जातात.

आधी वारसनोंद. नमुना ८ वर चौघांची नावं चढवा. गावात ड्रोन मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका निघाली असेल, तीही दुरुस्त करून घ्या. दोन्ही आत्यांच्या सह्या लागतीलच. त्यांना धरून हक्क समान आहे, आणि ‘त्यांची हरकत नाही’ असं तोंडी सांगून दुय्यम निबंधकापुढे काही होत नाही. छिंदवाड्याच्या आत्यांना येणं जमत नसेल तर कुलमुखत्यारपत्र करा.

मग न्यासपत्र. सुरुवातीची रक्कम लहान असली तरी चालते. न्यास स्थापन झाल्यापासून ३ महिन्यांत नागपूरच्या धर्मादाय कार्यालयाकडे परिशिष्ट २ मध्ये अर्ज (कलम १८). हरकतींची नोटीस, चौकशी, मग नोंदणी प्रमाणपत्र. त्यानंतर पॅन आणि बँक खातं.

जागेचं बक्षीसपत्र त्यानंतर. घेणारा अस्तित्वात असल्याशिवाय बक्षीस स्वीकारता येत नाही, आणि स्वीकार देणाऱ्यांच्या हयातीतच व्हावा लागतो. दस्त नोंदणीकृत, दोन साक्षीदार. मुला-नातवंडांना राहतं घर बक्षीस देताना जी २०० रुपये मुद्रांकाची सवलत असते ती ट्रस्टला लागू नाही, म्हणून मुद्रांक शुल्काची रक्कम अंदाजपत्रकात धरा. बक्षीसपत्र झालं की ९० दिवसांत बदल अर्ज (कलम २२, परिशिष्ट ३). बहुतेक न्यास इथेच अडकतात : दस्त होतो, पण धर्मादाय नोंदवहीत मिळकत चढतच नाही, आणि दहा वर्षांनी दुरुस्तीला निधी मागताना हे उघडं पडतं. शेवटी नमुना ८ वर न्यासाचं नाव.

तुमची जागा गावठाणात आहे हे फार बरं झालं. शेतजमीन असती तर विदर्भाचा वेगळा कुळकायदा (१९५८) आडवा आला असता. त्याच्या कलम ८९ नुसार शेतकरी नसलेल्याला शेतजमीन देता येत नाही, आणि ट्रस्ट शेतकरी नसतो. वाचणाऱ्या इतरांसाठी आणखी एक : युद्धात गेलेल्या सैनिकाच्या घराला सरकारने दिलेली जमीन बरेचदा भोगवटादार वर्ग २ असते. ती जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय कोणालाही देता येत नाही, ट्रस्टलाही नाही. आधी ७/१२ वरचा वर्ग पाहा.

एकदा जागा न्यासाची झाली की विकणं, ३ वर्षांपेक्षा जास्त भाड्याने देणं, यासाठी धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते (कलम ३६). कर्ज काढायलाही तसंच. घरच्यांना हे जाचक वाटेल, पण तुमच्या काकांची जागा पुढे कोणी विकू नये याची खरी हमी याच कलमात आहे.

---

मुरूम_गिट्टी

बांधकामाचं सांगतो. तिरप्या भेगा म्हणजे काळ्या मातीचं ठरलेलं लक्षण. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया त्या फुगण्या-आकसण्याच्या थरात बसला की भिंत वर-खाली होते आणि दार-खिडकीच्या कोपऱ्यातून भेग निघते. वरून कितीही पुट्टी भरा, पुढच्या मे महिन्यात ती परत उघडते.

पहिलं काम : जागेच्या दोन कोपऱ्यांत चाचणीचे खड्डे, ३ बाय ३ फूट, मुरूम लागेपर्यंत. एकच खड्डा पाहून अंदाज बांधू नका, गावठाणात जुने भराव आणि उकिरडे असतात. ५-६ फुटांवर पक्का मुरूम लागला तर कॉलमचे फुटिंग (खांबाखालचा रुंद पाया) मुरमात किमान एक फूट आत नेऊन बसवा, विषय संपला. १०-१२ फुटांपर्यंत काळी मातीच असेल तर अंडर-रीम्ड पाइल (खाली फुगवटा असलेला, जमिनीत खोल ओतलेला काँक्रीटचा खांब) करा : ३०० मिमी व्यासाचा पाइल, खाली अडीचपट व्यासाचा फुगवटा, खोली साधारण साडेतीन मीटर किंवा जास्त. आयएस २९११ या भारतीय मानकाच्या भाग ३ मध्ये याची सगळी मापं आहेत. छोट्या इमारतीला हे काम फार महाग पडत नाही, पण फुगवटा काढण्याचं औजार असलेला ठेकेदारच बघा. साधा बोअर मारून ‘पाइल केला’ म्हणणारे असतात.

प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीवरची आडवी काँक्रीटची तुळई) मातीवर टेकवू नका. खाली ८० मिमी पोकळी सोडा, नाहीतर पावसाळ्यात फुगलेली माती बीमच वर उचलते. प्लिंथमध्ये भराव फक्त मुरमाचा. खोदलेली काळी माती परत आत लोटणं हा सगळ्यात जास्त होणारा घोळ आहे, कारण ती जागेवरच असते आणि मुरमाचा ट्रॅक्टर विकत आणावा लागतो. ६-६ इंचांचे थर, पाणी मारून धुम्मस. एकदम दोन फूट भरून वर फरशी केली की दोन पावसाळ्यांत फरशी बसते. इमारतीभोवती एक मीटर रुंद फरसबंदी, उतार बाहेरच्या बाजूला, आणि पागोळीचं पाणी नालीत. कडुनिंब किंवा सुबाभूळ भिंतीपासून लांब ठेवा, झाड जितकं उंच वाढेल निदान तितकं. मुळं उन्हाळ्यात पायाखालचं पाणी ओढतात.

खोदकाम नोव्हेंबरमध्ये काढा, फेब्रुवारीपर्यंत स्लॅब किंवा छत संपवा. एप्रिल-मेमध्ये काँक्रीट टाकलं तर क्युरिंगला (काँक्रीट ओलं ठेवायला) पाणी नसतं आणि उन्हाने पृष्ठभाग तडकतो. टाकायचंच झालं तर संध्याकाळी टाका आणि किमान १० दिवस ओली पोती.

आता १४ लाख. दर गावागणिक आणि कामागणिक बदलतो, पण चौरस फुटाला १,५०० ते १,८०० रुपये धरा. सगळे पैसे ओतले तर साधारण ८०० ते ९०० चौरस फूट होतं आणि हातात काही उरत नाही. तसं करू नका. ३० बाय २० चा एक हॉल, त्याला पश्चिमेकडे पूर्ण रुंदीचा ८ फुटी व्हरांडा, आणि मागे वेगवेगळी दोन स्वच्छतागृहं, इतकंच आत्ता. व्हरांडा भिंतीशिवाय, लोखंडी खांबांवर पत्र्याचा, म्हणजे त्याचा दर कमी बसतो. पूर्वेकडची जागा मोकळी राहू द्या.

पश्चिमेलाच व्हरांडा का, तर आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि दुपारी २ नंतरचं ऊन भिंत तापवतं ते रात्री १० पर्यंत तापलेलीच राहते. पश्चिम भिंतीला खिडकी ठेवू नका. खिडक्या उत्तर-दक्षिण समोरासमोर, तळ २ फुटांवर म्हणजे खाली बसणाऱ्यालाही वारा लागेल. हॉलची उंची ११ फूट.

---

कोलारकाठ

दोघांचेही मनापासून आभार. चाचणीच्या खड्ड्यांचं आणि नमुना ८ चं याच आठवड्यात लावून घेते. एक शंका : छत पत्र्याचं करावं की स्लॅब? पुढे वर मजला चढवायचा विचार धाकट्या काकांच्या मनात आहे.

---

मुरूम_गिट्टी

मजला चढवायचा असेल तर आजच कॉलम आणि पाया त्या वजनाचा करावा लागेल, काळ्या मातीत नंतर काही करता येत नाही. पण गावच्या वाचनालयाला वरचा मजला म्हणजे म्हातारी माणसं जिना चढणार नाहीत आणि तो रिकामा राहणार. पूर्वेची मोकळी जागा आहे, वाढवायचं तर तिकडे वाढवा.

स्लॅब केला तर वर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) आणि पांढरं चायना मोझॅक (चिनी मातीच्या फरशीचे तुकडे), दोन्ही लागतंच. नुसता स्लॅब रात्रभर उष्णता खाली सोडत राहतो. पत्रा केला तर ५० मिमी इन्सुलेशनचं सँडविच पॅनेल घ्या. साध्या पत्र्याखाली जूनच्या पहिल्या पावसात आवाजाने वाचणंही होत नाही. तुमच्या पैशात मी पॅनेलकडे झुकेन : वजन कमी, पायाचा खर्च कमी, काम पंधरा दिवसांत.

कूलरचं गणित आत्ताच करून ठेवा. ३० × २० × ११ म्हणजे ६,६०० घनफूट हवा. दर दोन मिनिटांनी ती बदलायला मिनिटाला ३,३०० घनफूट हवा फेकणारा कूलर हवा. एक मोठा लोखंडी कूलर उत्तरेच्या खिडकीत, आणि समोरची दक्षिणेची खिडकी उघडी. सगळं बंद करून कूलर लावला की आत दमट होतं आणि पुस्तकांना बुरशी धरते. पावसाळ्यात कूलर बंदच ठेवायचा, तेव्हा पंखे.

---

कोरीव

कोनशिलेबद्दल. घाई सगळ्यात जास्त इथे होते आणि चूक कायमची राहते.

मजकूर लिहिण्याआधी नोंदी गोळा करा. काकांच्या पलटणीचं अभिलेख कार्यालय शोधा : ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं कामठीला, महार रेजिमेंटचं सागरला, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला. सेवा क्रमांक कळला की त्यांच्याकडून हुद्दा, मृत्यूची तारीख आणि ठिकाण लेखी मागवता येतं. नागपूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून अर्ज गेला तर उत्तर लवकर येतं. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर (लोकार्पण २५ फेब्रुवारी २०१९) स्वातंत्र्यानंतरच्या सैनिकांची २५ हजारांहून जास्त नावं ग्रॅनाइटवर कोरलेली आहेत. त्यांच्या संकेतस्थळावर नाव शोधता येतं, ते पाहून घ्या. घरात सांगितली जाणारी तारीख कधी तार आल्याची असते, कधी बेपत्ता झाल्याची. १९७१ ची लढाई ३ ते १६ डिसेंबर अशी मोजतात, पण सीमेवरच्या चकमकी नोव्हेंबरातच पेटल्या होत्या आणि युद्धबंदीनंतरही सुरुंगांत जवान गेले. कागदात जी तारीख आहे तीच कोरा, लढाईच्या तारखांत बसवायला बदलू नका. सेवेच्या कागदांत ‘ऑपरेशन कॅक्टस लिली’ दिसलं तर ते याच लढाईचं नाव आहे.

क्रम असा ठेवा : सेवा क्रमांक, हुद्दा, पूर्ण नाव, शौर्यपदक असेल तर नावापुढे, मग पलटण, मग तारीख आणि ठिकाण. त्याखाली ‘यांच्या स्मरणार्थ ही वास्तू कुटुंबीयांनी गावास अर्पण केली’ आणि वर्ष. उद्घाटकाचं, सरपंचाचं, देणगीदारांचं नाव या दगडावर नको. त्यांच्यासाठी आत वेगळी पाटी करा. राजमुद्रा कोरू नका, २००५ च्या कायद्याने खासगी संस्थेला ती वापरता येत नाही. पलटणीचं चिन्ह लावायचं असेल तर त्यांच्या सेंटरची लेखी परवानगी आधी.

आणि एक सुचवतो : शेजारी दुसरा दगड ठेवा, गावातून सैन्यात गेलेल्या आणि कामी आलेल्या सगळ्यांचा, खाली रिकामी जागा सोडून. १९४७ आधीचं कोणी असेल तर त्याची नोंद राष्ट्रीय स्मारकात मिळणार नाही. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत शोधा, तिथे दोन्ही महायुद्धांतले हिंदी सैनिक पलटणीसह नोंदलेले आहेत. दुसरा दगड लागला की बाकी घरांनाही ही जागा आपली वाटते.

दगड : काळा ग्रॅनाइट, जाडी किमान २० मिमी, अक्षरं ३ मिमी खोल कोरलेली. पांढरा संगमरवर पाच-सहा वर्षांत पिवळा पडतो आणि त्यातला काळा रंग निघून गेला की नाव वाचता येत नाही. सोनेरी रंग उन्हात टिकत नाही, म्हणून दगड व्हरांड्याच्या सावलीत आतल्या भिंतीवर लावा. नावाच्या अक्षरांची उंची ४० मिमी, बाकी मजकूर २५ मिमी. देवनागरीत याहून लहान केलं की वेलांटी आणि जोडाक्षरं सँडब्लास्टिंगमध्ये (वाळूच्या माऱ्याने कोरताना) भरून येतात. बसवताना नुसत्या सिमेंटच्या घोळावर भरवसा नको. मागून चार स्टेनलेस स्टीलच्या पिना, इपॉक्सीने.

फाँटची चूक मात्र सगळीकडे होते. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून पाठवला आणि दुकानदाराने तो जुन्या कोरल ड्रॉमध्ये उघडला की रफार उडतो, पहिली वेलांटी अक्षरामागे जाते, ‘ऱ्य’ तुटतो. म्हणून मजकूर कर्व्हमध्ये बदललेल्या (अक्षरांचं रेखाचित्र केलेल्या) फाइलमध्ये द्या, मूळ आकाराची कागदी प्रत भिंतीवर चिकटवा आणि घरातल्या तिघांनी वेगवेगळी वाचून सही करा. त्याआधी दगडाला हात लावू देऊ नका.

---

वाचनकट्टा

चालवण्याबद्दल थोडं. १४ लाखांपैकी बांधकाम आणि मुद्रांक-नोंदणीला १० च्या आत थांबा आणि ४ लाख कायम ठेवीत टाका. न्यासपत्रात त्याला मूळ निधी म्हणा, फक्त व्याज खर्चता येईल असं लिहा. ६.५ टक्क्यांनी वर्षाला २६,००० येतील. त्यात वीज, दोन वर्तमानपत्रं, एक मासिक, हिशेब तपासणीची फी आणि किरकोळ दुरुस्ती भागते. माणसाचा पगार भागत नाही. तो पगार हॉल लहान समारंभांना देऊन काढता येईल, पण दिवस आधीच बांधून घ्या : महिन्यात जास्तीत जास्त ४, आणि परीक्षेच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये एकही नाही. एकदा लग्नाची भांडी अभ्यासिकेत शिरली की पोरं परत येत नाहीत.

वीजजोडणीचा अर्ज वाचनालय-अभ्यासिका म्हणून, न्यासाच्या प्रमाणपत्रासह द्या, सार्वजनिक सेवा वर्गाचा दर मागा. अर्जावर क्लब लिहिलं की व्यावसायिक दर लागतो. सरकारी ग्रंथालय अनुदानावर (१९६७ च्या कायद्याने अ, ब, क, ड वर्ग असतात) खर्चाचा हिशेब उभा करू नका. मिळालं तर पुस्तकांना.

नियमावलीत तीन गोष्टी ठळक : पैशाने पत्ते नाहीत, दारू पिऊन प्रवेश नाही, कुठल्याही पक्षाची सभा किंवा फलक नाही. आणि वेळा लिहा. संध्याकाळी ५ ते ७ हॉल मुली-बायकांसाठी राखून ठेवा, नाहीतर कॅरमभोवती पुरुषांचा घोळका बसतो आणि बाकीचं गाव दारातूनच परत जातं. किल्ल्या तीन : एक रोज उघडणाऱ्याकडे, एक बचत गटाकडे, एक शाळेत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा अंगणात भरवा, लहान पोरांचे लाकडी बैल एकदा या अंगणात आले की घरोघरची माणसं मागे येतात.

कॅरमसाठी २९ इंची खेळपट्टीचा, १२ मिमी किंवा जास्त जाड प्लायचा बोर्ड. पावसाळ्यात उभा टेकवून ठेवला की वाकतो, आडवा ठेवा.

भरतीच्या मुलांना ४० बाय ६० मध्ये मैदान होणार नाही, त्यासाठी शाळेच्या किंवा गायरानाच्या जागेवर २०० मीटरची आखणी करा. सैन्य भरतीच्या १.६ किमी धावण्याला ८ फेऱ्या होतात. तुमच्या अंगणात पुलअप्सचा बीम, ९ फुटी खड्ड्याची उडी आणि नागमोडी तोल सांभाळायची पट्टी एवढं बसतं. बीमचे खांब काँक्रीटमध्ये ३ फूट आत, आणि उडीच्या पलीकडे वाळू, मुरूम नाही.

राष्ट्रध्वज लावणार असाल तर २०२२ पासून ध्वज रात्रीही फडकवता येतो. पण फाटलेला, विटलेला ठेवता येत नाही, आणि नागपूरच्या उन्हात कापड झपाट्याने विरतं. स्मृतिदिनाला अर्ध्यावर उतरवायचा नाही, तो अधिकार सरकारचा.

---

कोलारकाठ

दोन्ही आत्या सहीला तयार आहेत. मोठ्या आत्यांची एक अट आहे : पुढे कधी वाचनालय बंद पडलं तर जागा घरच्यांना परत मिळावी, असं बक्षीसपत्रात लिहा. असं लिहिता येतं का?

---

न्यासलेखक

लिहू नका. सार्वजनिक न्यासाची मिळकत देणाऱ्याच्या घरी परत जाणार असेल तर आयकर खात्याची धर्मादाय संस्था म्हणून नोंदणी आणि देणगीवरच्या सवलतीची मान्यता अडते, म्हणजे देणगीदारांना सवलत नाही. धर्मादाय कार्यालयही अशा कलमावर बोट ठेवतं. शिवाय गावाच्या मनात पहिल्या दिवसापासून शंका राहते की हे घर परत घेणार आहेत, मग पुस्तक कोण देईल आणि पंखा कोण दुरुस्त करील?

आत्यांची खरी काळजी वेगळी असावी : जागा भलत्याच्या घशात जाऊ नये. तिला धरून असं कलम घाला. ‘मूळ उद्देश चालवणे अशक्य झाल्यास मिळकत याच गावातील समान उद्देशाच्या नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाकडे, तसा न्यास नसल्यास ग्रामपंचायतीकडे, वाचनालयाच्याच वापरासाठी व स्मृतिशिला जागेवर कायम ठेवण्याच्या अटीवर, धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीने वर्ग होईल.’ न्यासाचा हेतू पूर्ण होणं अशक्य झालं तर त्याच्या सर्वांत जवळच्या हेतूकडे मिळकत वळवण्याची तरतूद कायद्यातही आहे (कलम ५५). तुमचं कलम आधीच स्पष्ट असलं की वाद कमी होतो.

त्यासोबत आणखी एक ओळ : सलग ६ महिने वास्तू बंद राहिली तर घरच्या दोन विश्वस्तांपैकी कोणीही ग्रामसभेपुढे विषय ठेवू शकेल आणि नवी समिती नेमण्याची मागणी करू शकेल. आत्यांना हाच हक्क हवा असेल तर एका विश्वस्ताच्या जागी त्यांचंच नाव घाला. बक्षीसपत्राचा मसुदा झाला की सह्यांआधी चारही वारसांना एकत्र बसवून मोठ्याने वाचून दाखवा. हिशेबाचं वर्ष ३१ मार्चला संपतं आणि तपासणी ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते, तेव्हा पहिल्या विश्वस्त सभेतच लेखापरीक्षक नेमून टाका.